छातीतलं पाणी आणि एडीएचा आकडा

छातीतलं पाणी तपासल्यावर जो रिपोर्ट हातात पडतो, त्यात बहुतेक वेळा ‘प्लुरल फ्लुइड एडीए’ अशी एक ओळ असते. तिच्यासमोर एक आकडा, समजा ६८. शेजारी बारीक अक्षरांत छापलेलं असतं की ४० च्या वर असेल तर टीबीची शक्यता. घरची माणसं बाकी सगळा कागद सोडून तेवढ्या एका ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, “पाण्यात टीबी गावली काय?”

मी पॅथॉलॉजीचं काम करतो आणि हा प्रश्न मला नवा नाही. त्याचं उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही, कारण एडीए हे आपल्याच शरीरातलं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक कामं घडवणारं प्रथिन आहे; त्याची तपासणी टीबीचा जंतू शोधतच नाही. ती शरीराने त्या जंतूविरुद्ध काय हालचाल केली, ते मोजते. एवढी एक गोष्ट नीट कळली, तर हा आकडा कधी मानायचा, कधी त्याच्यावर शंका घ्यायची आणि पुढे काय विचारायचं, हे घरच्या माणसालाही समजू शकतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत छातीचे तज्ज्ञ मोजके आहेत. एका सल्ल्यासाठी लोक कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी नाहीतर थेट मुंबई गाठतात. त्यामुळे हातातला कागद थोडाफार वाचता येणं इथे फार कामाचं आहे.

आधी हे पाणी असतं कुठे ते पाहू. फुफ्फुसावर एक पातळ पडदा असतो आणि छातीच्या भिंतीला आतून दुसरा. या दोन पडद्यांना मिळून प्लुरा म्हणतात. दोघांच्या मध्ये निरोगी माणसात जेमतेम १० ते २० मिलिलिटर द्रव असतो. श्वास घेताना पडदे एकमेकांवर न घासता सरकावेत, एवढ्याचसाठी तो असतो. काही कारणाने हा द्रव वाढला, की आपण म्हणतो छातीत पाणी झालं. ते कधी अर्धा लिटर असतं, कधी दीड-दोन लिटर. ते फुफ्फुसाच्या आत नसतं, बाहेर असतं आणि फुफ्फुसाला दाबत असतं. म्हणून धाप लागते. पेशंटने प्यायलेल्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे टीबीच्या पेशंटचं पिण्याचं पाणी तोडणं निव्वळ त्रासदायक आहे.

आणखी एक समज गावोगाव पक्का बसलेला आहे: “छातीतला पाणी काढल्यार माणूस जगत नाय.” या भीतीपोटी घरचे आठवडेच्या आठवडे सुईला नकार देतात. खरं तर पेशंटला पुढे वाकवून बसवतात, पाठीवर बधिर करण्याचं इंजेक्शन देतात, सोनोग्राफीने जागा बघतात आणि दोन बरगड्यांच्या मधून सुई घालून पाणी ओढतात. अनुभवी हातांत ही सुरक्षित प्रक्रिया आहे. धाप कमी होते, आणि आजार कुठला हे कळण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता त्या पाण्यातूनच जातो. पाणी न तपासता अंदाजाने उपचार करत राहणं याच्या कितीतरी पट धोक्याचं आहे.

पाणी होण्याची कारणं अनेक. हृदय कमजोर झालं, लिव्हर सुकली, किडनीतून प्रथिनं गळू लागली, तर रक्तवाहिन्यांतला पातळ द्रव पाझरून साचतो. न्यूमोनिया, टीबी, कॅन्सर यांत मात्र पडद्यालाच सूज येते आणि प्रथिनांनी भरलेला दाट द्रव बाहेर येतो. या दोन जाती आधी वेगळ्या कराव्या लागतात. त्यासाठी रिचर्ड लाइट या अमेरिकन डॉक्टरांनी १९७२ साली मांडलेले निकष आजही जगभर वापरतात. पाण्यातली प्रथिनं आणि रक्तातली प्रथिनं यांचं गुणोत्तर ०.५ च्या वर, किंवा एलडीएच या एन्झाइमचं तसंच गुणोत्तर ०.६ च्या वर, किंवा पाण्यातलं एलडीएच हे रक्तातल्या नेहमीच्या कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशाहून जास्त. यातलं एक जरी लागू झालं, तरी पाणी सुजेचं मानायचं. म्हणजे एडीएच्या आधीसुद्धा एक एन्झाइम आपलं काम करून गेलेलं असतं. पेशी खराब झाल्या की एलडीएच बाहेर सांडतं, म्हणून ते वाढतं. पण सूज आहे एवढंच ते सांगतं, कशामुळे आहे ते सांगत नाही.

सूज आहे आणि टीबीचा संशय आहे, तर मग पाण्यात सरळ जंतूच का शोधत नाहीत?

शोधतात, पण ते बहुतेकदा सापडत नाहीत. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी टीबीचा जंतू जगापुढे मांडला, त्याला आता १४० हून अधिक वर्षं झाली. थुंकीतला जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची पद्धत तेव्हापासून आहे. फुफ्फुसाच्या टीबीत ती चालते, कारण तिथे पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. छातीतल्या पाण्याची गोष्ट निराळी आहे. फुफ्फुसाच्या कडेला, पडद्याच्या अगदी लगत, टीबीची एखादी लहानशी गाठ असते. ती फुटते आणि तिच्यातले मोजके जंतू आणि त्यांची प्रथिनं पडद्यांच्या मधल्या जागेत पडतात. शरीराने हा शत्रू आधी पाहिलेला असतो. त्याला ओळखणाऱ्या पेशी, मुख्यतः टी-लिम्फोसाइट, तिथे धावून येतात, रसायनं सोडतात, पडदा सुजतो, केशवाहिन्या झिरपू लागतात, आणि बघता बघता लिटरभर पाणी साठतं. म्हणजे पाणी जंतूंनी केलेलं नसतं. जंतूंच्या खुणा ओळखून शरीराने जी जोरदार प्रतिक्रिया दिली, तिने केलेलं असतं. जंतू मूठभर आणि पाणी घागरभर, अशी स्थिती.

त्यामुळे या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्याचं प्रमाण १०० पेशंटमागे १० सुद्धा नाही. कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी. नेहमीच्या घन माध्यमावर ती २० ते ४० टक्क्यांच्या आसपास यशस्वी होते, द्रव माध्यमात त्याहून बरी, पण नकारात्मक निकालासाठी सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. जंतूची जनुकं शोधणारं सीबीनॅट यंत्र दोन तासांत उत्तर देतं. थुंकीसाठी ते उत्तम आहे, पण छातीच्या पाण्यात ते निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये काही दाखवत नाही. ट्रूनॅट नावाचं असंच एक छोटं, बॅटरीवर चालणारं यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोल्बायो कंपनीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या टीबी चाचण्यांना २०२० साली मान्यता दिली. वीज कधीही जाणाऱ्या आपल्या भागात त्याचा मोठा आधार आहे. पण पाण्यात जंतूच मोजके असतील तर कुठलंही यंत्र हतबल होतं. म्हणूनच, सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाही, असं छातीच्या पाण्याबाबत कुणी म्हणालं तर ते चूक आहे. ते पॉझिटिव्ह आलं तर मात्र जवळजवळ शंका उरत नाही.

इथे एडीए कामाला येतं. समुद्रात खाली मासळी दिसत नाही, पण वर कुरवांचा थवा घिरट्या घालताना दिसला की खलाशी होडी तिकडे वळवतात. एडीए मोजणं तसंच आहे. जंतू दिसत नाही, पण त्याच्यासाठी जमलेल्या पेशींची गर्दी मोजता येते.

एडीए म्हणजे अ‍ॅडिनोसिन डीअमिनेज. आपल्या पेशींत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ सतत तयार होत असतो. त्याचं इनोसिनमध्ये रूपांतर करणं हे या एन्झाइमचं काम, आणि ते करताना अमोनिया सुटतो. शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशींत ते असतं, पण लिम्फोसाइटना त्याची विशेष गरज असते. ते नसेल तर त्यांच्यात विषारी पदार्थ साचतात आणि त्या मरतात. जन्मतःच हे एन्झाइम नसलेल्या बाळांची प्रतिकारशक्ती उभीच राहत नाही. साध्या जंतुसंसर्गानेही त्यांच्या जिवावर बेततं. १९९० साली अमेरिकेत माणसावर जनुकीय उपचारांचा जो पहिला मान्यताप्राप्त प्रयोग झाला, तो याच आजाराच्या एका लहान मुलीवर. छातीच्या पाण्यातलं एडीए टीबीकडे बोट दाखवतं ते याचमुळे: लिम्फोसाइट आणि त्यांच्या जोडीला आलेल्या मोनोसाइट या पेशी पेटून उठल्या की हे एन्झाइम पाण्यात भरपूर सापडतं.

ही कल्पना भूमध्य समुद्रातल्या सार्डिनिया बेटावरून आली. पिरास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिलं की टीबीमुळे झालेल्या पाण्यात एडीए इतर कारणांच्या मानाने ठळकपणे जास्त असतं. त्यानंतर स्पेन, दक्षिण आफ्रिका, ब्राझील, भारत अशा टीबी भरपूर पाहिलेल्या देशांत ही तपासणी रुजली. तिचं एक मोठं कारण म्हणजे ती स्वस्त आहे. महागडं यंत्र लागत नाही. पाण्यात अ‍ॅडिनोसिन घालायचं, ठरावीक वेळ ३७ अंशांवर ठेवायचं आणि किती अमोनिया सुटला ते मोजायचं. अमोनियाची फिनॉल आणि हायपोक्लोराइटशी गाठ पडली की निळा रंग येतो. रंग जितका गडद तितकं एन्झाइम जास्त. हल्ली बऱ्याच लॅबमध्ये वेगळ्या रसायनांचे तयार किट वापरतात, ते थेट यंत्रावर चालतात. उत्तर ‘युनिट प्रति लिटर’मध्ये येतं. पद्धत बदलली तर आकडाही थोडा सरकतो, म्हणून एका लॅबचा ४२ आणि दुसऱ्या लॅबचा ३७ यांची तुलना करत बसू नये.

आता ४० कुठून आले? वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून. ज्यांचा टीबी नक्की झाला आणि ज्यांचा नाही, अशा दोन्ही गटांचे आकडे शेजारी ठेवले, तर ४० च्या आसपास त्यांच्यात बऱ्यापैकी सीमा आखता येते. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब साधारण असा आहे: टीबी असलेल्या १०० जणांतल्या सुमारे ९२ जणांत एडीए वाढलेलं असतं, आणि टीबी नसलेल्या १०० जणांतल्या सुमारे ९० जणांत ते वाढलेलं नसतं. सूक्ष्मदर्शक, कल्चर आणि सीबीनॅट यांच्या तुलनेत हे फार चांगलं आहे. पण यातली गोम उरलेल्या आठ आणि दहा जणांत आहे, आणि तिथे थोडा वेळ थांबायला हवं.

समजा एका दवाखान्यात सुजेचं पाणी झालेले १०० तरुण आले आणि त्यांच्यातल्या ५० जणांना खरोखर टीबी आहे. एडीए त्या ५० पैकी ४६ जणांना पकडेल. टीबी नसलेल्या ५० पैकी ५ जणांत ते उगाच वाढलेलं दिसेल. म्हणजे ५१ जणांचा रिपोर्ट ४० च्या वर, आणि त्यातले ४६ खरे. दहात नऊ वेळा आकडा खरं बोलला. आता अशा ठिकाणी जा, जिथे पाणी झालेल्या १,००० जणांत टीबीचे फक्त ५० आहेत, बाकीचे कॅन्सर, न्यूमोनिया वगैरेंचे. टीबीचे ४६ पकडले जातील. पण उरलेल्या ९५० मधल्या ९५ जणांतही एडीए वाढलेलं दिसेल. १४१ जणांच्या हातात ‘वाढलेला’ रिपोर्ट, आणि त्यातले खरे फक्त ४६. तपासणी तीच, आकडा तोच, पण आता तीनात एकदाच खरा. मात्र अशा ठिकाणी एडीए कमी आलं तर टीबी नसल्याचा भरवसा फार मोठा, कारण ८५९ निगेटिव्ह रिपोर्टांत टीबीचे फक्त ४ सुटलेले असतील.

म्हणून रिपोर्टवरच्या आकड्याचा अर्थ पाणी कुणाच्या छातीतलं आहे यावर ठरतो. जगातल्या टीबीच्या एकूण पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. त्यामुळे आपल्याकडे तरुण माणसाच्या छातीत एका बाजूला पाणी झालं की टीबीचं पारडं आधीच जड असतं. पण सगळेच पेशंट तरुण नसतात.

दोन काल्पनिक पेशंट घेऊ. पहिला २६ वर्षांचा, मुंबईत एका खोलीत सहा-सात जणांबरोबर राहून नोकरी करणारा. गणपतीला गावी आला तो ताप घेऊनच. संध्याकाळी कणकण, कोरडा खोकला, श्वास घेतला की एका बरगडीत कळ, दोन महिन्यांत वजन उतरलेलं. पाणी गवताच्या काडीसारखं पिवळसर, प्रथिनं ५.४ ग्रॅम, पेशींतल्या ९० टक्के लिम्फोसाइट, एडीए ७२. इथे सगळ्या गोष्टी एकाच दिशेने जातात. पाण्यात जंतू सापडला नाही तरी डॉक्टरांनी टीबीचे उपचार सुरू केले तर ते योग्य आहे.

दुसरे ६८ वर्षांचे, आयुष्यभर होडीवर गेलेले, विडीची जुनी सवय. ताप नाही. भूक गेलेली, अंग सुकत चाललेलं. पाणी लालसर, काढल्यावर आठवड्यात पुन्हा भरलेलं. एडीए ४६. या ४६ वर टीबीच्या गोळ्या सुरू करणं मला मान्य नाही. इथे पाण्यात कॅन्सरच्या पेशी शोधायला हव्यात. त्या पहिल्या खेपेला दिसल्या नाहीत तरी पुन्हा शोधायला हव्यात, कारण कॅन्सर असूनही पाण्याच्या तपासणीत तो साधारण ६० टक्के वेळाच पकडला जातो. सीटी स्कॅन आणि पडद्याचा तुकडा काढून बायोप्सी यांचा विचार व्हायला हवा. ‘सहा महिने गोळ्या घेऊन बघू’ हा सल्ला ऐकायला सोपा वाटतो, पण कॅन्सर असेल तर ते महिने परत मिळत नाहीत.

याच माणसाचं एडीए ३१ आलं असतं तर? तरी टीबी पूर्ण बाद होत नाही. वय वाढलं की प्रतिकारशक्तीची उसळी कमी होते आणि टीबी असूनही एडीए खाली राहू शकतं. आजार अगदी सुरुवातीला असेल, पाणी नुकतंच झालं असेल, तरीही तसं होतं. पहिल्या दिवसांत पाण्यात लिम्फोसाइटऐवजी न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात. संशय दाट असेल तर काही दिवसांनी पुन्हा पाणी काढून बघणं शहाणपणाचं. एचआयव्ही असलेल्यांत मात्र, अनेकांना वाटतं तसं एडीए निकामी ठरत नाही. बहुतेकांत ते वाढतंच.

आता सगळ्यात फसवा प्रसंग. न्यूमोनिया चिघळून छातीत पू झाला, तर एडीए १०० च्या, कधी २०० च्याही वर जातं. आकडा जितका मोठा तितकी टीबी नक्की, असा सरळ हिशेब इथे घात करतो. पुवाचं पाणी गढूळ असतं, कधी दुर्गंधी असतं, त्यात न्यूट्रोफिल खच्चून भरलेले असतात, साखर खाली गेलेली असते. अशा वेळी तातडीने नळी घालून पू बाहेर काढावा लागतो आणि शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं. नुसता आकडा बघून टीबीच्या गोळ्या दिल्या, तर पू घट्ट होतो, फुफ्फुस त्यात अडकतं, आणि जे नळीने भागलं असतं त्याला मोठं ऑपरेशन लागतं. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइटचाच कॅन्सर, त्यातही एडीए फार वर जाऊ शकतं. संधिवाताच्या काही पेशंटमध्ये होणाऱ्या पाण्यातही ते वाढतं. म्हणूनच एडीएच्या ओळीच्या वर असलेली पेशींची टक्केवारी वाचायलाच हवी. एडीए ४० च्या वर आणि लिम्फोसाइटची बहुसंख्या, ही जोडी एकट्या एडीएपेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

या एन्झाइमचे दोन प्रकार आहेत. एडीए-१ सगळ्याच पेशींत असतं, एडीए-२ मुख्यतः मोनोसाइट आणि जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींमध्ये. टीबीच्या पाण्यात एडीए-२ चा वाटा मोठा असतो, पुवात एडीए-१ चा. दोन्ही वेगळे मोजले तर नेमकेपणा वाढतो, पण आपल्याकडे ते क्वचितच मोजतात आणि लिम्फोसाइटची टक्केवारी जवळपास तेच काम फुकट करते.

माझ्या टेबलावरून दिसणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. एन्झाइम ही नाजूक चीज आहे. छोट्या गावात काढलेलं पाणी पुष्कळदा दुसऱ्या शहरातल्या लॅबला जातं. एप्रिल-मेच्या उकाड्यात नमुना दिवसभर बाहेर पडून राहिला, तर त्यात इतर जंतू वाढतात आणि अमोनिया मोजणारी पद्धत असेल तर उत्तर बिघडतं. सुई लागून नमुन्यात रक्त आलं आणि लाल पेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं एडीए पाण्यात मिसळून आकडा उगाच वाढतो. बर्फाच्या पेटीतून, त्याच दिवशी आणि पेशंटचं वय, ताप किती दिवस, पाणी कुठल्या बाजूला हे लिहिलेल्या चिठ्ठीसह नमुना आला, तर रिपोर्ट लिहिणाऱ्यालाही विचार करता येतो. आणि पहिल्याच वेळी पुरेसं पाणी काढावं. एडीएला एक-दोन मिलिलिटर पुरतात, पण कल्चर आणि कॅन्सरच्या पेशींसाठी प्रत्येकी ५० मिलिलिटर मिळालं तर उत्तम. छातीत लिटरभर पाणी असताना लॅबकडे पाच मिलिलिटरची एकच बाटली येते, तेव्हा वाईट वाटतं. त्या माणसाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागणार असते, किंवा ती तपासणी कधीच होणार नसते.

कल्चरवर मी इतका भर देतो त्याला कारण आहे. एडीए कितीही वर गेलं तरी जंतूवर कुठलं औषध चालेल हे ते सांगू शकत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीतही एडीए तसंच वाढतं. हे फक्त जंतू हातात आला तरच कळतं, मग तो कल्चरमध्ये येवो, सीबीनॅटमध्ये येवो नाहीतर बायोप्सीच्या तुकड्यात. म्हणून एडीए वाढलेलं दिसलं की बाकीच्या तपासण्या रद्द करायच्या नसतात, त्या चालू ठेवून उपचार सुरू करायचे असतात. घरात कुणाला आधी औषधांना दाद न देणारा टीबी झाला असेल, किंवा पेशंटने स्वतः पूर्वी गोळ्या अर्धवट सोडल्या असतील, तर हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावं. शरमेने लपवलेली ही एक माहिती पेशंटला फार महागात पडू शकते.

थुंकीही तपासावी. छातीतलं पाणी बंद जागेत असतं, त्यातून टीबी इतरांना लागत नाही. पण पाणी झालेल्या काही जणांत एक्स-रेवर फुफ्फुस साफ दिसत असूनही थुंकीच्या कल्चरमध्ये जंतू वाढतात. घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर हे कळणं गरजेचं आहे. सरकारी रुग्णालयांत सीबीनॅट आणि ट्रूनॅट मोफत होतं.

एडीएच्या नावाखाली होणारा एक अनावश्यक खर्च मात्र टाळा. रक्तातलं एडीए मोजून टीबी ठरवता येत नाही. ते टायफॉइडमध्ये वाढतं, लिव्हरच्या आजारात वाढतं. एडीएचं मोल आहे ते जिथे आजार चालू आहे त्या बंद जागेतल्या पाण्यात. पोटातल्या पाण्यासाठीही त्याचा चांगला उपयोग होतो. मेंदूभोवतीच्या पाण्यात सीमा बरीच खाली, १० च्या आसपास धरतात. रक्तातल्या अँटिबॉडी बघून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर तर आपल्या सरकारने २०१२ सालीच बंदी घातली आहे.

निदान झालं की उपचार सहा महिन्यांचे. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन. वजनानुसार ठरलेल्या या गोळ्या रोज घ्यायच्या असतात आणि सरकारकडून मोफत मिळतात. पेशंटची नोंद सरकारच्या निक्षय पोर्टलवर होते. उपचार खासगी डॉक्टरांकडे चालू असले तरी ती व्हावीच लागते. नोंद झालेल्याला पोषणासाठी महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. लघवी नारिंगी होईल, तिला घाबरू नये. उलट्या, डोळे पिवळे होणं, जेवण अजिबात न जाणं हे दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं, कारण या गोळ्या लिव्हरवर येऊ शकतात. त्या काळात दारू पूर्ण बंद. काही जणांत पहिल्या काही आठवड्यांत ताप उतरून वजन वाढत असतानाही पाणी थोडं वाढलेलं दिसतं. प्रतिकारशक्ती पुन्हा जोर धरते त्याचा तो परिणाम असू शकतो. तो आहे की दुसरं काही, हे डॉक्टर ठरवतील. तोवर औषध लागू पडत नाही असं समजून गोळ्या सोडू नयेत.

गोळ्या सोडण्याबद्दल किंवा मुळात न घेण्याबद्दल जे सांगायचं आहे, ते कदाचित या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. टीबीचं पाणी पुष्कळदा काहीही उपचार न करता दोन ते चार महिन्यांत आपोआप जिरतं. ताप जातो, माणूस पुन्हा कामाला लागतो. त्या काळात चालू असलेल्या गावठी औषधाला त्याचं श्रेय मिळतं आणि ते औषध आणखी चार घरांत जातं. पण आजार गेलेला नसतो. टीबीची औषधं नव्हती त्या काळात छातीत पाणी होऊन ‘बरे’ झालेल्या अमेरिकन सैनिकांचा मागोवा घेऊन १९५५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश जणांना पुढच्या काही वर्षांत टीबी पुन्हा झाला, आणि तोही बहुतेकांना फुफ्फुसात, म्हणजे इतरांना लागेल अशा रूपात. २६ वर्षांचा तो मुलगा गणपतीनंतर बरा होऊन त्याच खोलीत परत गेला, तर दोन वर्षांनी खोकणारा तोच असू शकतो.

उपचार नीट चालू असतील तर पुन्हा पाणी काढून एडीए मोजायची गरज नसते. ताप, भूक, वजन आणि एक्स-रे एवढ्यावर प्रगती कळते. सहा महिन्यांनंतरही काहींच्या एक्स-रेत फुफ्फुसाच्या खालच्या कोपऱ्यात पडदा जाडसर दिसतो. तो जुना व्रण असतो आणि कधी कधी जन्मभर राहतो. म्हणून औषधं संपल्यावर एक एक्स-रे काढून तो तारखेसह जपून ठेवावा. पुढे नोकरीच्या मेडिकलमध्ये किंवा एखाद्या साध्या खोकल्याच्या वेळी नव्या डॉक्टरांना तीच जाडी दिसली, तर शेजारी जुना एक्स-रे ठेवून ती बदललेली नाही हे लगेच दाखवता येतं, आणि गोळ्या पुन्हा सुरू होण्याचं टळतं.